पहिली बास्केट पडेपर्यंत

मंडळी, गेल्या दिवाळी अंकात याच सदरात मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसण्याबद्दल लिहिलं होतं. ते वाचून न्यू जर्सीच्या एका बाईंचा फोन आला. "अहो, एवढ्या थंडीत तुम्ही कनेटिकटची माणसं करता तरी काय?" मी म्हटलं, "मुलींचा बास्केटबॉल बघतो." पलीकडे जरा शांतता. मग, "टीव्हीवर ना?" "नाही हो, तिकीट काढून, तिथे जाऊन." त्यांना ते काही फारसं पटलेलं दिसलं नाही. तर यंदाचा लेख त्यांच्यासाठी.

आधी आमच्या राज्याची कुंडली सांगते. एका बाजूला बॉस्टन, दुसऱ्या बाजूला न्यू यॉर्क, आणि मधे आम्ही, विमा कंपन्या सांभाळत. हार्टफर्डची आइस हॉकीची मोठी टीम होती, तीही १९९७ मध्ये दुसऱ्या राज्यात निघून गेली. मग अभिमानाने मिरवायला उरलं काय, तर युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकट, म्हणजे आपलं यूकॉन. ते आहे स्टोर्स नावाच्या गावात. गाव कसलं, १८८१ मध्ये शेतकी शाळा म्हणून सुरू झालेली ती जागा, अजूनही गोठ्यांसकट आहे. आय-८४ वरून ६८ नंबरच्या एक्झिटला उतरायचं, रूट १९५ ने अंधारातून जात राहायचं, आणि वारा योग्य दिशेने असला तर गाडीची काच खाली करताच शेणाचा वास येतो. आमचे हे पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा खोल श्वास घेऊन म्हणाले, "कवठेमहांकाळ!"

तो दिवस होता १६ जानेवारी १९९५, मार्टिन लूथर किंग दिनाची सुटी. आम्हाला या देशात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. यांच्या ऑफिसातल्या एकाच्या घरी आजारपण निघालं म्हणून दोन तिकिटं आमच्याकडे आली. आम्हाला वाटलं, कॉलेजच्या मुलींची मॅच, असतील दोन-तीनशे लोक, त्यांच्या आया आणि मैत्रिणी. आत शिरलो तर गॅम्पल पॅव्हिलियन खच्चून भरलेलं. आठ हजारांवर माणसं, आणि सगळी उभी! मी यांना विचारलं, "राष्ट्रगीत चालू आहे का?" राष्ट्रगीत केव्हाच संपलं होतं. यूकॉनची पहिली बास्केट पडेपर्यंत खाली बसायचं नाही, टाळ्या वाजवत उभं राहायचं, अशी तिथली रीत. आम्हीही वाजवल्या. कशासाठी ते कळत नव्हतं, पण आरतीला कुठे प्रत्येक शब्द कळतो?

समोर टेनेसीचा संघ होता, देशात पहिल्या क्रमांकाचा, पॅट समिट यांचा. समिट बाईंनी १९७४ मध्ये काम सुरू केलं तेव्हा त्या स्वतः गाडी चालवून टीमला सामन्यांना न्यायच्या आणि मुलींचे कपडेही धुवायच्या, हे मी पुढे वाचलं. त्या दिवशी फक्त त्यांची नजर दिसली. आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाईंची आठवण झाली. यूकॉन ७७-६६ असं जिंकलं, त्याच आठवड्यात पहिल्यांदा पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि एप्रिलमध्ये एकही सामना न हरता, ३५-० असं, पहिलं विजेतेपद घेऊन आलं. अंतिम सामन्यातही टेनेसीच होतं. सहा फूट चार इंचांची रेबेका लोबो त्या वर्षी आमच्या राज्यात एखाद्या सिनेतारकेपेक्षा मोठी होती.

पुढच्या हंगामापासून आम्ही दोन सीझन तिकिटं घेतली. यांना सामन्यांची चटक लागली हे खरं. मला काय लागलं होतं, ते सांगायला थोडं मिरजेला जावं लागेल.

मी नववीपर्यंत शाळेच्या खो-खो संघात होते. पळती चांगली होते, कुणाच्या हाती लागत नसे. जिल्ह्याच्या संघात नाव आलं, आणि घरात आजीने विचारलं, "एवढी घोडी झाली, चड्डी घालून परगावी पळणार?" अण्णा वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी दहावी होती. विषय संपला. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. आपल्याकडे बऱ्याच गोष्टी अशाच संपतात.

गॅम्पलमध्ये आमच्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीकडे झुकलेल्या एक बाई बसायच्या. सामना चालू असताना अखंड विणकाम. शेवटच्या दोन मिनिटांत सामना अटीतटीला आला तरच सुया थांबायच्या. आम्ही आपसात त्यांना सुईवाल्या मावशी म्हणत असू. एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्ही कधी खेळलात का?" तर म्हणाल्या, "शाळेत चार वर्षं. आणि चार वर्षांत एकही गुण माझ्या नावावर नाही." मला वाटलं विनोद करतायत. मग त्यांनी समजावलं. त्यांच्या काळात मुलींच्या बास्केटबॉलचे नियम निराळे होते. एका बाजूला सहा मुली. तिघी फक्त बास्केट करणार, तिघी फक्त अडवणार, आणि मैदानाच्या मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा, मग पास. मुलींच्या प्रकृतीला जास्त पळणं सोसत नाही, असा समज! मावशी अडवणाऱ्यांतल्या. म्हणजे बास्केट करायची मुभाच नाही. चेंडू रेघेपर्यंत आणून पलीकडच्या मैत्रिणीच्या हाती द्यायचा आणि तिथेच उभं राहून बघायचं. १९७२ मध्ये टायटल नाइनचा कायदा आला, शिक्षणसंस्थांत मुलींना मुलांच्या बरोबरीने वागवा म्हणून, तोपर्यंत मावशींची मुलं शाळेत जात होती. "म्हणून मला इथे सगळ्यात काय आवडतं सांगू?" त्या म्हणाल्या. "कुणीतरी चेंडू हिसकावते आणि थेट दुसऱ्या टोकापर्यंत पळत सुटते ना, ते." त्यानंतर मी आजूबाजूच्या रांगा वेगळ्या नजरेने बघायला लागले. पांढऱ्या केसांच्या केवढ्या बायका होत्या तिथे!

आता आईची गोष्ट. अण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ६ मार्च २००१ ला बिग ईस्ट स्पर्धेचा अंतिम सामना गॅम्पललाच होता, नोटर डेमशी. लेक चार वर्षांची, तिला घेऊन हे घरी थांबले आणि मी आईला घेऊन गेले. नऊवारी नव्हे हो, पाचवारीच, पण खाली स्नो बूट आणि वर यांचं जाड जॅकेट. पर्समध्ये चिवड्याची पुडी. आईने चारी बाजूंना बघून विचारलं, "ही सगळी माणसं पोरींचं बघायला आलीत? पैसे देऊन?" हो म्हटलं. "पुरुषसुद्धा?" हो, पुरुषसुद्धा.

पूर्वार्धातच शे राल्फ पडली. गुडघ्याने तिला आधीही दोनदा दगा दिला होता, तोच प्रकार पुन्हा. सगळं स्टेडियम चिडीचूप. आई म्हणाली, "अगं, हिची आई कुठाय?" मध्यंतरात मावशी भेटल्या. त्यांनी सांगितलं की शेची आई स्वतः नॉर्थ कॅरोलायनाची नावाजलेली कॉलेज खेळाडू होती. मी ते आईला मराठीत सांगितलं. आई बराच वेळ गप्प. मग समोर बघतच म्हणाली, "तुझी ती खो-खोची निळी चड्डी मी बोहारणीला दिली नाही हं कधी. ट्रंकेत आहे अजून."

यावर काय बोलायचं असतं, मला अजून कळलेलं नाही. मी तिला चिवडा दिला.

सामन्याचा शेवट कनेटिकटमधल्या जुन्या चाहत्यांना आजही तोंडपाठ आहे. ७६-७६ बरोबरी, पाचेक सेकंद शिल्लक. स्यू बर्डने चेंडू घेतला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळाली, रूथ रायलीचे लांब हात डोक्यावर असताना उडी मारून फेकला, आणि भोंगा वाजता वाजता तो आत. ७८-७६. माझी आई, जिला दोन गुण कशाचे आणि तीन कशाचे हे शेवटपर्यंत कळलं नाही, ती खुर्चीवर चढायला निघाली होती. पुढे त्याच नोटर डेमने उपांत्य फेरीत आम्हाला हरवून विजेतेपद नेलं, पण ती रात्र आमची होती.

लोक विचारतात, यूकॉन चाळीस-चाळीस गुणांनी जिंकतं, त्यात बघायचं काय? खरं आहे, काही सामने मध्यंतरालाच संपलेले असतात. पण एकतर्फी सामन्याच्या शेवटी बाकावरच्या मुली मैदानात येतात. वर्षभर पहाटे उठून सराव केलेला, वाट्याला तीन मिनिटं. त्यांच्यातली एखादी बास्केट करते तेव्हा बाकावर बसलेल्या नामांकित खेळाडू कशा उड्या मारतात ते टीव्हीवर दिसत नाही, कारण तोवर तिथे जाहिराती चालू असतात. आणि परतताना घसा बसलेला असतानाही डेअरी बारचं आइस्क्रीम खायचं. जानेवारीत. ज्यांना हे वेड वाटतं त्यांनी एकदा येऊन बघावं.

लेक याच गॅम्पलमध्ये वाढली. आईने अडवलेला चिवडा खात, आमच्या कोटांवर झोपत, आणि पुढे माया मूरच्या काळात कठड्याशी सह्यांसाठी लोंबकळत. नव्वद सामने सलग जिंकले ते हेच दिवस. लेक स्वतःही बरी खेळायची. नववीत शाळेच्या संघात आली, शिवाय शनिवार-रविवारी गावोगाव जाणारा दुसरा संघ. मग दहावी सुरू झाली. सायन्स ऑनर्स, एसएटीचे क्लास, भरतनाट्यमचं अरंगेत्रम् तोंडावर. आम्ही दोघांनी बसून, अगदी समंजसपणे, वेळापत्रक मांडलं आणि तिला म्हटलं, "या वर्षी बास्केटबॉल राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

शब्दशः तेच. आणि मला ते ऐकूसुद्धा आलं नाही. आजी निदान स्वतःच्या काळाचं बोलत होती. मी तर सोळा-सतरा वर्षं दर हिवाळ्यात उभी राहून टाळ्या वाजवत होते, त्याही दुसऱ्यांच्या मुलींसाठी.

तीही ओरडली नाही, रडली नाही. फक्त सामन्यांना यायची थांबली. "होमवर्क आहे," म्हणायची. तिसरं तिकीट आम्ही दोन वर्षं चालू ठेवलं, त्या खुर्चीवर कोट ठेवत असू. अरंगेत्रम् छान झालं. मंडळातल्या पुष्कळांनी ते पाहिलंय, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मधली वर्षं भरभर सांगते. मावशी एका हंगामात आल्या नाहीत, पुढच्यातही नाही, आणि त्यांच्या खुर्चीवर एक तरुण जोडपं दिसू लागलं. आई मिरजेला गेली, ती परत आली नाही. मार्च २०१७ मध्ये १११ विजयांची माळ मिसिसिपी स्टेटने शेवटच्या क्षणी तोडली. मग एकाएकी सगळ्या देशाला मुलींच्या बास्केटबॉलचा शोध लागला. २०२४ चा अंतिम सामना तर टीव्हीवर पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी बघितला. त्यात आम्ही नव्हतो. उपांत्य फेरीत आयोवाने दोन गुणांनी हरवलं, आणि शेवटी दिलेला तो फाऊल... जाऊ दे, दिवाळी आहे.

गेल्या नोव्हेंबरात लेकीचा बॉस्टनहून फोन. "आई, वीस तारखेचं जास्तीचं तिकीट आहे का?" २० नोव्हेंबर २०२४. जीनो ऑरिएमा यांचा १,२१७ वा विजय व्हायचा होता. सातव्या वर्षी इटलीहून आलेला मुलगा, १९८५ पासून स्टोर्समध्ये, आणि आता कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वांत जास्त विजय मिळवणारा प्रशिक्षक. यांनी लगेच आपलं तिकीट देऊन टाकलं. "मला गुडघा आहे," म्हणाले. गुडघा त्यांना रोजच असतो.

जुन्या संघांतल्या कितीतरी खेळाडू त्या रात्री आल्या होत्या, काही कडेवर मुलं घेऊन. सुरुवातीला आम्ही दोघी उभ्या, टाळ्या वाजवत. तेव्हा मला तिच्या उजव्या हाताची दोन बोटं एकत्र पट्टीने बांधलेली दिसली.

"दारात सापडली का गं?"

"नाही. बॉल लागला."

"कसला बॉल?"

तेवढ्यात पहिली बास्केट पडली आणि सगळे बसले. ती पण बसली. म्हणाली, "गुरुवारी खेळते. ऑफिसनंतर. सहा वर्षं झाली."

यूकॉन ८५-४१ असं जिंकलं. मला त्यातलं फार थोडं आठवतं. परतताना गाडीत, रूट १९५ च्या अंधारात, मी विचारलं, "मी बघायला आले तर चालेल?" तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "तिथे बसायला जागा नसते, आई. भिंतीला टेकून उभं राहावं लागतं."

मी जानेवारीत गेले. एका शाळेची जुनी जिम, प्रेक्षक पाच, त्यातला एक कुत्रा. एप्रिलमध्ये टॅम्पाला यूकॉनने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ हरवून बारावं विजेतेपद मिळवलं, ते आम्ही तिघांनी घरी सोफ्यावर बसून बघितलं आणि हे भरपूर ओरडले. पण त्या जिममध्ये मात्र मी उभीच होते. लेकीची पहिली बास्केट पडायला पंचवीस मिनिटं लागली, आणि माझे पाय चांगलेच भरून आले होते.