आठ फुटी जुन्या पाटीला भाव किती लावायचा?

जुनी एनॅमलची जाहिरात पाटी हाती आली की आपण आधी ऑनलाइन भाव बघतो. तिथेच फसतो. तो मागितलेला आकडा असतो, मिळालेला नव्हे. आणि मोठी म्हणजे महाग, असंही नाही हो! आठ फुटी पाटी फ्लॅटमध्ये लावणार कुठे? गिऱ्हाईक म्हणजे कॅफे, हॉटेल, इंटिरियरवाले. मोजकेच. टेम्पो, हमाल, भिंतीवर बसवणं, हा सगळा खर्च ते तुमच्याच भावातून कापतात. मुंबईच्या चोर बाजारात नकली पाट्याही मिळतात, म्हणून मागची बाजू आणि भोकांजवळचा गंज फोटोत दाखवा. वरून रंग अजिबात मारू नका. माझं मत, खरेदी आणि खर्च धरून किमान आकडा आधी वहीत लिहा, घासाघीस नंतर. पण चार महिने पाटीने दुकानाची भिंत अडवली असेल, तर त्या जागेचं भाडंही मोजा आणि तो आकडा पुन्हा बघा.