वहीतला कोमल रिषभ

गेल्या वर्षी आमच्या भजनी मंडळाच्या स्मरणिकेत माझ्या आत्याच्या वहीतली भैरव रागाची एक बंदीश स्वरलिपीसह छापावयाचे ठरले. पाने छापून हाती आली आणि मी कपाळाला हात लावला. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, हे वाचकांना सांगावयास नकोच. छापताना अक्षरांचा टंक बदलला गेला आणि त्या गडबडीत रिषभ-धैवतांखालच्या रेघा साऱ्याच गळाल्या! भैरवाचे स्वर बिलावलाचे होऊन बसले. जाणत्यांनी हसून सोडून दिले. पण ज्या पोरांनी त्या पानावरून पेटीवर बोटे बसविली, त्यांना कोण सांगणार?

मी हळहळत बसलो असता नात म्हणाली, "आजोबा, रेघ म्हणजे नुसते चित्र. ते पुसले गेले की मागे काहीच उरत नाही. कोमलपणा अक्षरांतच लिहून ठेवला तर?" आणि तिने मला संगणकावर 'लिलिपाँड' नावाची वस्तू दाखविली. हॉलंडमधील दोघा संगीतप्रेमींनी १९९६ साली हे काम हाती घेतले. जुन्या कारागिरांनी धातूच्या पत्र्यावर ठोकून कोरलेली पाने समोर ठेवून, तसे देखणे पान यंत्राने काढावे, ही त्यांची हौस. ते विनामूल्य मिळते. यात पडद्यावर स्वर उचलून ठेवावयाचे नाहीत. पत्र लिहावे तसे ते टंकावयाचे. 'सी'ला षड्ज मानला तर शुद्ध रिषभ 'डी' आणि कोमल रिषभ 'डेस'; तीव्र मध्यम 'फिस'. कोमलपणा स्वराच्या नावातच मुरलेला! त्या मजकुरावरून यंत्र पान आखते.

स्वर कागदावर उतरविण्याचे वेड आपल्या बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली आणि स्वतःच्या स्वरलेखनाने शिकविले. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच नगरीत भरली, तीत पंडित भातखंडे पुढे होते. त्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' मराठीत निघाली, आणि आपल्या किती घरांतल्या वह्या तिच्याच वळणाने लिहिल्या गेल्या! परंतु छापील पान एकदा छापले की सर्वांना सारखेच. आता मजकूर एकच ठेवून पान मात्र ज्याच्या त्याच्या सोयीचे काढता येते, ही नवी गोष्ट आहे.

नातीने ते करूनही दाखविले. माझे डोळे अधू, म्हणून एक आकडा बदलून तिने अक्षरे दुपटीने मोठी केली. शेजारचा मुलगा व्हायोलिन शिकतो. त्याला पाच रेषांवरचे पान दिले आणि एका आज्ञेसरशी त्याच्या पट्टीत उतरविले. पेटीवाल्या मुलांसाठी रेषा काढून टाकून सरगम ठेवली, तिच्याखाली बोल. मूळची घडण युरोपीय असल्याने आपल्या सम-खालीच्या खुणा आणि कोमलाच्या रेघा तिला आपल्या हाताने बसवाव्या लागल्या. पण आता रेघ चुकून गळाली तरी मुळातला 'डेस' शाबूत राहतो आणि पान पुन्हा काढता येते.

इथवर सारे ठीक. माझा तिच्याशी वाद झाला तो पुढे. वहीच्या समासात आत्याने ठिकठिकाणी लिहिले आहे : 'गुरुजी दुसऱ्या खेपेस असे घेत.' एके ठिकाणी एक ओळ खोडून वर दुसरी घातली आहे. नातीच्या स्वच्छ पानात यातले काहीच नव्हते. विचारले तेव्हा म्हणाली, "टाकले नाही, आजोबा. टिपणे मजकुरात आहेत, फक्त छापली जात नाहीत." मी म्हटले, "मग ती तुझ्यापुरती उरली. मुलांना कसे कळावे की गुरुजी एकच वाट धरून चालत नसत?" पान सोयीचे करता करता ते गुळगुळीत होते, आणि गुळगुळीत पानालाच पुढची पिढी प्रमाण मानते. अखेरीस तिने ती टिपणे तळटीपा करून छापली. माझ्या मते हाच नियम असावा : पट्टी बदला, अक्षर मोठे करा, रेषा ठेवा वा काढा, पण ज्याच्या गळ्यातून ते आले त्याचे नाव आणि त्याची अडखळणदेखील पानावर राहू द्या.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. आमच्या मंडळातली निम्मी मुले गुजराती झरझर वाचतात आणि बाळबोध अक्षर चाचपडत. बोल गुजराती लिपीत द्यावेत काय? काही वडीलधाऱ्यांना हे मराठीपण सोडल्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. मूल गाईल तर भाषा राहील; नुसती वही जपून ती राहावयाची नाही. मात्र मराठी ओळ वर आणि गुजराती खाली, अशा दोन्ही असाव्यात. मजकूर एकदा टंकला की यासाठी वेगळा छापखाना नको.

कागदावरून मींड येत नाही, भैरवातले रिषभाचे आंदोलन येत नाही. ते गुरूसमोर बसूनच यावयाचे, हे मला मान्य आहे. पण गुरू गेल्यावर जे मागे राहते ते तरी चुकीचे राहू नये.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत अशी एखादी वही असेल. रद्दीवाला येण्यापूर्वी ती खाली काढा. घरातल्या मुलीला किंवा मुलाला टंकावयास बसवा आणि शेजारी बसून एकेक ओळ गाऊन दाखवा. आमच्या घरी बावीस बंदिशी झाल्या आहेत. भैरवाचे पान मी त्या मुलांकडे नव्याने पोहोचते केले, आणि जुने परत मागून घेतले.