तुपावर राग, साखरेला माफी

डोंबिवलीतल्या घरात ट्रायग्लिसराइड्स वाढल्याचा रिपोर्ट आला की पहिला बळी तुपाच्या बरणीचा जातो. मग फोडणी बंद होते, डब्यातली शेंगदाण्याची चटणीही जाते. सकाळच्या गोड चहाबरोबरचे टोस्ट आणि मारी बिस्किटं मात्र चालू राहतात, कारण ती 'हलकी'. भाताचा ढीग राहतो, कारण त्यात तेल नाही. तीन महिन्यांनी आकडा तिथेच असतो, आणि घरातली बाई रडकुंडीला येऊन विचारते, 'आता यांनी आणखी काय सोडायचं?' तिच्यावर मी रागावत नाही. माझा राग आहे तो तिला 'तेलकट टाळा' एवढे दोन शब्द सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावणाऱ्यांवर.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, हे खरं. पण ती सगळी तेलातुपातूनच येते हे साफ खोटं. गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिष्ट पोटात गेलं की यकृत त्याचीच चरबी बनवतं आणि रक्तात सोडतं. दारू यकृताला त्याच कामाला जुंपते. तुपाला मी निर्दोष ठरवत नाही. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि त्याला मर्यादा हवीच. पण ट्रायग्लिसराइड २५० आलेल्या माणसाचं तूप काढून त्याला साबुदाण्याच्या खिचडीवर ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त पिष्ट असतं आणि प्रथिनं नावालाही नसतात. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, सगळीकडे तोच साबुदाणा, वर बटाटा, वर साखरेचं ताक. आणि याला आपण पोटाला विश्रांती म्हणतो.

आयसीएमआरच्या 'इंडियाब' पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. रक्तातल्या चरबीचे तिचे आकडे २०१४ साली प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल वाढलेले १३.९ टक्के, ट्रायग्लिसराइड्स वाढलेले २९.५ टक्के, आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी असलेले ७२.३ टक्के. वाढलेलं ट्रायग्लिसराइड आणि घटलेलं एचडीएल ही आपल्या लोकांची जोडगोळी आहे. याच पाहणीच्या २०२५ मधल्या अहवालानुसार भारतीयांच्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्ट आणि साखरेतून येतात. एवढं समोर असताना दवाखान्यातला सल्ला अजून तळणीपाशीच अडकलेला.

'मी कुठे जाड आहे?' हे दुसरं पालुपद. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. शर्टाच्या मापावरून स्वतःला प्रमाणपत्र देणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो फोटो पाहावा, आणि मग पोटाभोवती टेप लावावी.

खरा खोटेपणा तपासणीच्या आठवड्यात सुरू होतो. आठ दिवस बाटली नाही, गोड नाही, रोज ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या. ट्रायग्लिसराइड हा आकडा अलीकडच्या खाण्यापिण्याने झपाट्याने हलतो, त्यामुळे तो खाली येतोही. मग तो रिपोर्ट सोसायटीभर दाखवायचा आणि त्याच रात्री बसायचं. कोणाला फसवलंत? विम्याच्या डॉक्टरला फसवलं असेल, पण स्वादुपिंडाला रिपोर्ट वाचता येत नाही.

आणि ती शिबिरं! नगरसेवकाचा फलक, भल्या मोठ्या तपासण्यांचं 'पॅकेज', ठळक अक्षरात छापलेला आकडा, बस्स. थायरॉइड मंदावलंय का, साखर हाताबाहेर गेली आहे का, मूत्रपिंड कसं आहे, स्टिरॉइडसारखं औषध चालू आहे का, किती पिता, घरात आणखी कोणाचं वाढलंय? ट्रायग्लिसराइड वाढवणारी ही कारणं विचारायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांचा फलक कोणी लावत नाही.

'रोज चाला' म्हणणाऱ्यांनी एकदा कल्याणहून सकाळची लोकल पकडून दाखवावी. सीएसएमटी ५४ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास उभ्याने, घरी परत रात्री साडेनऊला, जेवण दहाला, झोप अकराला. स्टेशनबाहेरचे पदपथ फेरीवाल्यांनी आणि दुचाक्यांनी व्यापलेले. या माणसाला आळशी म्हणणं हा निलाजरेपणा आहे. त्याला सांगायचं तर असं सांगा: रात्रीचा भात निम्मा कर, त्या जागी डाळ, उसळ किंवा अंडी घे, चहातली साखर काढ, गाडीतून उतरल्यावर रिक्षाच्या रांगेत उभं न राहता घरापर्यंत चालत ये, सुरमईपायी खिसा रिकामा करू नकोस, बांगडा आण, ओमेगा-३ त्यात भरपूर आहे. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी ट्रायग्लिसराइड साधारण वीस टक्क्यांनी खाली येतं. हे डोंबिवलीत जमण्यासारखं आहे.

राहता राहिली गोळी. माझ्या मेव्हण्याचा आकडा हजाराच्या वर गेला होता. फेनोफायब्रेट सुरू झालं, आकडा उतरला, आणि 'आता नॉर्मल आहे' म्हणून त्याने स्वतःच गोळी सोडली. पिणं सोडलं नाही. एका पहाटे पोटातली कळ पाठीत गेली. स्वादुपिंडाला सूज. रक्ताची नळी उभी ठेवली तर वर दुधासारखी साय दिसत होती. आकडा पाचशेच्या पुढे गेला की हा धोका खरा होतो, हजारानंतर फारच. तिथे औषध लागतंच, दारू पूर्ण बंद लागते, आणि तिथे तेलतूपही खरोखरच कडक कमी करावं लागतं.

पण दोनशे-तीनशेवाल्यांनी शेजाऱ्याची फेनोफायब्रेट मागून घ्यावी, हा मूर्खपणा कोणी शिकवला? त्यांची खरी भीती हृदयाची, आणि तिथे डॉक्टरांचं पहिलं औषध बहुधा कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन असतं. २०२२ साली 'प्रॉमिनंट' चाचणीत मधुमेह असलेल्या दहा हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना फेनोफायब्रेटच्याच घराण्यातलं पेमाफायब्रेट दिलं गेलं. ट्रायग्लिसराइड पाव हिश्श्याने उतरलं. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. म्हणजे आकडा उतरणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि केमिस्टकडच्या त्या पिवळ्या माशाच्या तेलाच्या गोळ्या! हजार मिलिग्रॅमच्या साध्या गोळीत कामाचं ओमेगा-३ बहुतेक वेळा तीनशे मिलिग्रॅमच असतं. ट्रायग्लिसराइड उतरवण्यासाठी डॉक्टर जी मात्रा देतात ती दिवसाला दोन ते चार ग्रॅम. हिशेब करा, रोज किती गोळ्या गिळाव्या लागतील, आणि त्या पैशांत बाजारातून किती बांगडे येतील.