बिनपोटाची गिटार

तानपुऱ्याचा भोपळा तुम्ही पाहिलाच असेल. आपल्या मिरजेचे कारागीर तो किती निगुतीनं घडवतात! साध्या गिटारलाही तसंच पोकळ पोट असतं. नुसती तार छेडली तर आवाज येतो अगदी मरतुकडा. तिच्याबरोबर पोकळ पेटी आणि आतली हवा थरथरली, की तोच आवाज घुमतो. पण इलेक्ट्रिक गिटार पाहा. बहुतेक वेळा तिचं धड म्हणजे भरीव लाकडाची फळीच! मग पोट नसताना ही बया एवढी गरजते कशी?

चला, आवाजाचं बोट धरून निघू. वाटेत एकेक भाग भेटेलच.

सगळ्यात वर गिटारचं डोकं. त्यावर सहा खुंट्या. खुंटी पिळली की तार ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर लावतात. डोक्याच्या खाली खाचा पाडलेली एक छोटी पट्टी असते, ती नट. इथून तार मोकळी होते, ती थेट धडावरच्या ब्रिजवर, म्हणजे घोडीवर, टेकते. मधली लांब पट्टी म्हणजे मान. तिच्यावर धातूचे आडवे पडदे बसवलेले असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे सरकवता येतात, हे मात्र पक्के ठोकलेले, बरं का! ‘ए’ची तार मोकळी छेडली तर सेकंदाला 110 वेळा थरथरते. बाराव्या पडद्यालगत बोट दाबलं की तारेची लांबी निम्मी होते आणि थरथर दुप्पट, म्हणजे 220. सूर तोच, पण वरच्या सप्तकातला!

आता खरी गंमत. तारांच्या बरोबर खाली धडावर एक चपटी डबी दिसते. तिचं नाव पिकअप. हाच या गिटारचा कान. आत चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली, की चुंबकाचं क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये किंचितशी वीज तयार होते. मायकेल फॅरडे यांनी 1831 साली शोधलेला नियम तो हाच. सायकलचा डायनामो त्याच नियमावर चालतो. तार 110 वेळा थरथरली, तर वीजही 110 वेळा मागेपुढे होते. म्हणजे पिकअप हवेतला आवाज ऐकतच नाही; तो तारेची हालचाल टिपतो. म्हणून तर पोट लागत नाही! आणि म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर हा कान ठार बहिरा.

असा पिकअप बसवलेल्या गिटारचं पेटंट 1937 साली अमेरिकेत जॉर्ज बीचम यांना मिळालं. ती गिटार ॲल्युमिनियमची होती. गोल धड, लांब मान! लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा.

पिकअप दोन-तीन असतील, तर कोणता चालू ठेवायचा ते एका खटक्यानं ठरवतात. मानेजवळचा भरदार बोलतो, घोडीजवळचा टोकदार. पुढे व्हॉल्यूमचं बटण आवाज लहानमोठा करतं, टोनचं बटण त्याची धार कमी करतं. मग जॅकमधून केबल निघते ती ॲम्प्लिफायरकडे. तो इवलीशी वीज कैक पटींनी वाढवतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो.

ही वाट पाठ असली, की स्नेहसंमेलनात गिटार अचानक मुकी झाली तरी गोंधळ उडणार नाही. आधी व्हॉल्यूम, मग खटका, मग केबलची दोन्ही टोकं, मग ॲम्प्लिफायर, असं क्रमानं पाहत जायचं.

पण एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. गिटारच्या तारा घोडीवाटे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. गुणगुण कमी व्हावी म्हणून ही सोय. पण ॲम्प्लिफायर बिघडलेला असेल आणि अर्थिंगही नसेल, तर घरातली वीज त्याच वाटेनं थेट बोटांपर्यंत येऊ शकते. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात भर कार्यक्रमात गिटारवादक लेस हार्वे यांचा हात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला लागला आणि विजेच्या धक्क्यानं ते दगावले. म्हणून प्लगची वरची जाड पिन कधीही तोडायची नाही. ओल्या हातांनी, ओल्या रंगमंचावर वाजवायचं नाही. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच हात काढायचा आणि मोठ्यांना सांगून भिंतीवरचं बटण बंद करून घ्यायचं. कार्यक्रम थांबला तरी चालेल. दुरुस्ती होईपर्यंत त्या गिटारला हात लावायचा नाही!