वेल्डिंगच्या ठिणगीची नोंद उघड्यावर हवी



२५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये वेल्डिंगची ठिणगी उडाली आणि २७ माणसे जळून मेली. त्याच जागी सप्टेंबर २०२३ मध्येही आग लागली होती. तिची खबर तिकीट काढणाऱ्या आईबापांना कुठून असणार? पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटच्या इमारतीत २१ जानेवारी २०२१ ला ५ मजूर गेले. तिथेही सुरुवातीला बोट वेल्डिंगकडेच दाखवले गेले.

आपल्या कापडाच्या धंद्यात हा धोका रोजचा. शटर बिघडले, माळ्याला अँगल लावायचा, बोलाव वेल्डर. शेजारी गाठी तशाच. ठिणगी कापसात शिरली की तासभर आतल्या आत धुमसते. वेल्डर मजुरी घेऊन जातो, गाळ्याला कुलूप लागते, मग धूर दिसतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे मालकाने दर जानेवारीत व जुलैत नमुना ‘ब’चा दाखला द्यायचा असतो. दाखला फाईलीत जातो. शेजारच्या गाळेवाल्याला, हमालाला त्याचा काय पत्ता! वेल्डिंग-कटिंगच्या खबरदारीसाठी आयएस ३०१६ हे भारतीय मानकही आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्याचे नाव ऐकले?

माझे म्हणणे सरळ आहे. अग्निशमन खात्याने अशा कामात कसूर पकडली की जागा, तारीख आणि कसूर बाजारात फलकावर लावावी. कुणी म्हणेल, धंद्याची बदनामी होईल. जरूर होईल. पण नोटीस बंद पाकिटात येते तेव्हाच ‘मिटवून टाकू’ची बोली सुरू होते, हे आपण सारे जाणतो. कसूर दूर झाली की तसा शेराही तिथेच मारावा.

मात्र नाव आधी मालकाचे व ठेकेदाराचे लागावे. आग लागली की पहिला पकडला जातो तो वेल्डर, बहुधा गरिबाचा पोरगा. त्याला ना पाण्याची बादली दिलेली, ना ओली गोणपाटे, ना गाठी हलवायला हमाल. काम संपल्यावर तासभर राखण ठेवायची मजुरी मालकाने वाचवलेली असते. मग गुन्हेगार एकटा वेल्डर कसा?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या व्यापारी संघांनी ही मागणी पालिकेकडे लेखी करावी. पालिका हलेपर्यंत संघाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. कुणाच्या गाळ्यात उद्या वेल्डिंग आहे ते आदल्या दिवशी तिच्यात लिहावे, म्हणजे शेजाऱ्याला आपला माल वेळेत हलवता येईल.