घसारा

मी बँकेत लागलो तेव्हा, म्हणजे १९८१ साली, बँकांचे हिशेबाचे वर्ष डिसेंबरअखेर संपत असे. पुढे ते मार्चअखेरवर गेले, मग मीही निवृत्त झालो. तरी ३१ डिसेंबरच्या रात्री वही उघडून बसायची खोड काही गेली नाही. आता त्या वहीत ठेवी आणि कर्जे नसतात. पळालेले किलोमीटर असतात आणि झिजलेले बूट असतात.

साठीत डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला आणि मी पळायला लागलो. त्यात शौर्य काही नाही. पण बँकवाल्याच्या हाती कोणतीही गोष्ट आली की तिचा ताळेबंद होतो. सरत्या वर्षाचा माझा ताळेबंद असा : रस्त्याचे बूट ९,००० रुपयांचे, पळालो ७५० किलोमीटर. डोंगराचे बूट ७,२०० रुपयांचे, ३०० किलोमीटर. तिसरा जोड मुलीने वाढदिवसाला दिलेला, किंमत १८,००० रुपये, त्यावर जेमतेम १२० किलोमीटर. म्हणजे पहिल्याचा घसारा किलोमीटरमागे १२ रुपये, दुसऱ्याचा २४ आणि तिसऱ्याचा १५०. सरासरी २९ रुपयांच्या वर. सौभाग्यवतींनी वहीत डोकावून एवढेच म्हटले, "अहो, रिक्षाने गेला असतात तर स्वस्तात पडलं असतं."

घसारा हा शब्द मला फार आवडतो. यंत्र वापरले की त्याची किंमत दरसाल थोडी थोडी उतरते, ती हिशेबात लिहायची, ही शिस्त. बुटाचा घसारा मात्र डोळ्यांना दिसत नाही. वरून जोड नवाकोरा वाटतो, तळाची नक्षीही शाबूत असते. पण तळव्याखालचा फोम मेलेला असतो. त्या फोमात हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो आणि कप्पे हळूहळू चेपत जातात. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बूट नुसता पायात असतो, कामावर नसतो. असे कर्मचारी मी बँकेतही पाहिले आहेत.

आणि इतका मऊ फोम लागतो तरी कशाला? कारण आपण शहरात माती शिल्लक ठेवलेली नाही. डांबरी रस्ता काँक्रीटचा झाला, पदपथावर दुचाक्या आल्या. रस्त्याच्या कडेने पळावे, तर पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यापासून कडेला उतरता केलेला असतो. त्यामुळे पळणाऱ्याचा एक पाय सतत खाली आणि एक वर. माझा गुडघा कुरकुरू लागला तेव्हा मी नवा बूट घेतला. दुखणे रस्त्याचे होते आणि औषध दुकानातून आणले.

डोंगरात घसारा शब्दाचा दुसरा अर्थ भेटतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना तो सांगायला नको. उतारावर सुटी माती आणि बारीक खडे पसरलेले, पाय ठेवला की आपण खडीसकट खाली. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेने मी वर्षभर चढलो-उतरलो. पावसाळा सरल्यावर एकदा उतरताना माझ्या ७,२०० रुपयांच्या, तळाला दाते असलेल्या बुटांनी मला सपशेल बसवले. दह्याची रिकामी पाटी डोक्यावर घेऊन एक बाई प्लास्टिकच्या चपलांत खटाखट उतरत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "काका, टाच रोवू नका. पाऊल आडवं टाका." मी टाकले आणि घसरणे थांबले. रस्त्यावर एकच पाऊल आपण हजारो वेळा टाकतो. डोंगरात प्रत्येक पाऊल नवे असते आणि ते विकत मिळत नाही.

तिसऱ्या जोडाची कथा वेगळी. त्याच्या जाड फोमात कार्बनची कडक पट्टी आहे. अशाच जातीचे, खास बनवलेले बूट घालून एलियुड किपचोगे १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावला. वेगाची साथ देणारे धावपटू आळीपाळीने बदलत होते म्हणून तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही. पुढल्याच वर्षी जागतिक संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरच्या आत आणि पट्टी एकच, असा नियम केला. अशा बुटांनी पळायला लागणारी ऊर्जा सरासरी ४ टक्के वाचते असे प्रयोगशाळेत दिसले, ते तासाला १४ ते १८ किलोमीटर पळणाऱ्यांच्या बाबतीत. माझा वेग ८. मुंबईच्या अर्धमॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर मी हे १८,००० रुपये पायांत घालून चालत होतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग अनवाणीच पळा की! आपल्याला अनवाणी पळणाऱ्यांच्या गोष्टी फार आवडतात. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे सर्वांना ठाऊक असते. तोच बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून पळाला, पुन्हा जिंकला आणि रोमपेक्षा तीन मिनिटे लवकर पोचला, हे कोणी सांगत नाही. आपले शिवनाथ सिंग अनेकदा अनवाणीच पळत. १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ नोंदवली. पुढची चाळीसहून अधिक वर्षे एकाही भारतीयाला ती मोडता आली नाही. ही त्यांची थोरवी आहेच. पण मधल्या चाळीस वर्षांत आपण काय केले, याचाही तो दाखला आहे. अनवाणी पायांचे कौतुक करणे सोपे असते. त्यात आपल्याला खर्च काही येत नाही.

हे मी अधिकाराने म्हणतो, कारण तो खर्च नाकारणाऱ्यांत मी होतो. १९८७ साली मी माण तालुक्यातल्या एका शाखेत होतो. दुष्काळी मुलूख. एक शाळामास्तर अर्ज घेऊन आले. त्यांची एक विद्यार्थिनी लांब पल्ल्याच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिली आली होती. राज्य पातळीवर जायचे, तर बूट आणि प्रवास मिळून ८०० रुपये हवे होते. कर्ज मुलीच्या वडिलांच्या नावे, जामीन मास्तर स्वतः. मी परिपत्रके चाळली. शिलाई यंत्राला कर्ज होते, विहिरीवरच्या पंपाला होते, बैलजोडीला होते. पळायच्या बुटांना शीर्षकच नव्हते. मास्तर चार वेळा आले. जोडे झिजवणे म्हणतात ते मी टेबलामागे बसून पाहिले. चौथ्या खेपेला ते म्हणाले, "साहेब, बैलाच्या पायाला पत्री ठोकायला कर्ज बसतं, मग पोरीच्या पायाला का नाही?" मी हसलो आणि अर्जावर 'तरतूद नाही' असा शेरा मारला. ती मुलगी स्पर्धेला गेली की नाही, मी विचारलेही नाही.

त्याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र टीव्हीपुढे होता. मी मात्र दोन्ही वेळा ८०० रुपयांचा अर्ज पाहत होतो. ज्या पोचल्या त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. ज्यांच्या अर्जावर शेरे पडले त्यांची यादी कोणाकडेच नाही.

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. शहरात बूट आहेत आणि जमीन नाही. गावात जमीन आहे आणि बूट नाहीत. शहराने आपल्या टेकड्या राखाव्यात. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकर वेताळ टेकडीसाठी मोर्चाने निघाले, ते नुसते झाडांसाठी नव्हते. पायाखाली माती असलेली तेवढीच जागा उरली आहे. प्रत्येक प्रभागात दोन-चारशे मीटरची मातीची वाट सोडायला उड्डाणपुलाइतका पैसा लागत नाही. आणि गावात, पळायचा बूट ही चैन नसून अवजार आहे, हे एकदा कागदावर यावे. सरकारी शाळांतल्या मुलांना गणवेशाबरोबर बूटमोजे द्यायचे २०२३ साली ठरले, हे चांगलेच. पण प्रार्थनेच्या रांगेत उभे राहायचा बूट वेगळा आणि दहा किलोमीटर पळायचा वेगळा. तालुक्यात पहिल्या दहांत येणाऱ्या मुलामुलींना दरवर्षी मापाचे दोन जोड मिळावेत. गावोगाव मॅरेथॉन भरवणाऱ्यांनी पाहुण्यांच्या हारतुऱ्यांतून एवढे जरूर वाचवावे.

वही मिटताना सौभाग्यवतींनी विचारले, जुने जोड कोणाला द्यायचे का? मी नको म्हटले. मेलेला फोम दिल्याने दान होत नाही. आपल्या घसाऱ्याचा भार दुसऱ्याच्या गुडघ्यावर जातो. त्याऐवजी मी त्या शाळेच्या आजच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिले आहे आणि पळणाऱ्या मुलींच्या पावलांची मापे मागवली आहेत. याने धोरण बदलत नाही, हे मला कळते. वहीत मी ती रक्कम देणगी म्हणून लिहिलेली नाही. 'थकबाकी, सन १९८७' असे लिहिले आहे. व्याजाचा हिशेब मात्र अजून मांडलेला नाही.