शरीराचे ऐकावे, पण किती?

मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला. मुंबईत अगदी सुरुवातीला प्रतिबंधित झालेल्या वस्त्यांपैकी ही एक. खेटून उभी घरे, चिंचोळ्या गल्ल्या, सार्वजनिक शौचालये. अशा ठिकाणी माणसाचे लक्ष स्वतःच्या अंगाकडे लागते. घसा खवखवतोय का? अंग कोमट लागतेय का?

हृदयाचे ठोके, श्वास, उष्णता असे शरीराच्या आतले संकेत मेंदू सतत टिपत असतो. याला शास्त्रात ‘इंटरोसेप्शन’ म्हणतात. सोप्या शब्दांत, शरीरभान. एरवी यातले बरेचसे आपल्याला जाणवत नाही. काळजी वाढली की साधी धडधडही मोठी वाटू लागते. घाबरल्यावर श्वास जलद होतो, छाती आवळते, आणि दम लागणे हे तर कोविडचेही लक्षण. मग भीतीतून लक्षण आणि लक्षणातून भीती, असे चक्र सुरू होते.

तरीही काळजी वाईटच असे नाही. बेताची काळजी मास्क लावायला, हात धुवायला भाग पाडते. ती हाताबाहेर गेली की कुणी पुन्हा पुन्हा तपासणी करतो, तर कुणी ‘विलगीकरणात नेतील, शेजारी बोट दाखवतील’ या धास्तीने ताप लपवतो. दुसरा प्रकार अधिक घातक.

खरी अडचण वेगळीच होती. अनेकदा शरीर काहीच सांगत नव्हते. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांत रक्तचाचण्यांचे सर्वेक्षण झाले. त्यात वरळीचा विभाग नव्हता. पण तिथल्या झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्त्यांत १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली. त्यांतल्या बहुतेकांना लागण झाल्याचे कळलेही नव्हते. काही रुग्णांचा ऑक्सिजन तर दम न लागताच घसरत होता. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी तापमान आणि ऑक्सिजन मोजला गेला.

पुढच्या साथीसाठी धडा हाच: ‘मला बरे वाटतेय’ हा पुरावा नव्हे आणि ‘छातीत धडधडतेय’ हे निदान नव्हे. शंका आली तर पाच मिनिटे शांत बसावे, मग थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर लावावा. आकडा बिघडलेला दिसला किंवा त्रास थांबत नसेल, तर डॉक्टरांना गाठावे. मास्क मात्र अंगाला विचारून नव्हे, नियमाने लावावा. आणि एका खोलीत सहा जण राहत असतील, तर आजाऱ्याला वेगळे ठेवण्याची जागा पालिकेनेच द्यायला हवी. वरळीच्या एनएससीआय डोममधील केंद्राचे मोल त्यातच होते.